अण्णांचं काय लिहायचं?

«माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गेल्या पौषात वारले, अंत्यविधी पंचगंगेच्या स्मशानभूमीत झाला. वय ७३. कागलजवळच्या खेड्यातून विशीच्या आतच कोल्हापुरात आले, उद्यमनगरच्या कारखान्यांत चाळीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, टर्नर म्हणून राबले, मंगळवार पेठेत घर केलं, आम्हा भावंडांची शिक्षणं-लग्नं केली. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले ते मिस्त्री अजून आहेत, ऐंशीच्या पुढं गेलेत, कमी ऐकू येतं. वर्षश्राद्धाला त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढावी, असं माझ्या मनात आहे. धाकटा भाऊ म्हणतो, ‘अण्णांचं काय लिहायचं? ते काय कारखान्याचे चेअरमन होते काय? चौकात मोठं डिजिटल बोर्ड लावू, पेपरात फोटो देऊ, जेवण घालू, झालं.’ मी लिहायला बसते, पण ‘अण्णा प्रेमळ, कष्टाळू आणि मनमिळाऊ होते’ याच्यापुढं पेन सरकत नाही.

दुसरं, गावच्या विहिरीच्या पाण्यावरून अण्णांचं नि थोरल्या काकांचं वाजलं आणि शेवटची अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. काका रक्षाविसर्जनाला आले, कोपऱ्यात उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. आई म्हणते, हे पुस्तकात अजिबात येता कामा नये.

तिसरं सांगायला लाज वाटते. अण्णांचा आवाज मला आठवेनासा झालाय. रविवारी मटण शिजलं की पहिली वाटी आईच्या हातात देऊन ‘मीठ बघ’ म्हणायचे, तेवढं कानात आहे. बाकी पुसट होत चाललंय. काय करू?»

— एक लेक, कोल्हापूर

ताई,

तुमचं पेन सरकत नाही, हे मला मान्य नाही. पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही एक ओळ लिहिलीय आणि तिच्यात अण्णा पुरते उभे आहेत. ‘मीठ बघ.’

जरा थांबून त्या ओळीकडं बघा. अण्णांच्या पिढीत घरातल्या बायका सगळ्यांची जेवणं उरकल्यावर बसायच्या. पातेल्याच्या तळाला जे राहील ते त्यांच्या वाट्याचं. रविवारच्या मटणाचंही तेच. पोरं, पाहुणे, सासू-सासरे आधी, आणि आईच्या ताटात रस्सा नि चार बटाट्याच्या फोडी. भरल्या घरात, वडीलधाऱ्यांसमोर, नवऱ्यानं बायकोला ‘तू आधी खा’ म्हणायची सोय नव्हती. लोक हसले असते. म्हणून या माणसानं मिठाचं निमित्त काढलं. मीठ बघायला तळहातावर घेतलेला थेंबभर रस्सा पुरतो, ताई. अण्णा वाटी देत होते. त्या वाटीत काय असायचं, ते आईला विचारा. नळी असायची का? ती वाटी आई तिथंच उभ्या उभ्या संपवायची की तुमच्यापैकी कुणाला भरवायची? आणि मीठ कमी आहे असं ती कधी म्हणाली का? हे सगळं विचारून लिहिलंत की एक पान होतं. त्या पानावर ‘प्रेमळ’ हा शब्द लिहायची गरज उरणार नाही.

तुमची अडचण शब्दांच्या कमतरतेची नाही. तयार शब्द फार लवकर हाताशी येतात, ही आहे. आपल्याकडच्या पेपरातलं निधनवार्तेचं पान रोज वाचणारी माणसं मला माहीत आहेत, मीही वाचते. नाव, वय, ‘त्यांच्यामागे पत्नी, मुलगा, मुली, सुना, नातवंडे असा परिवार आहे’, आणि रक्षाविसर्जन किती वाजता. पेपराला तेवढीच जागा असते, त्याचं काम तेवढ्यात भागतं. पण पुस्तिकेतही तेच करायचं असेल तर ती काढूच नये. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ हे तीन शब्द तुमच्या गल्लीतल्या कोणत्याही गेलेल्या माणसाला चालतील. जे वाक्य दुसऱ्या माणसाला जसंच्या तसं लागू पडतं ते खोडायचं, एवढा एकच नियम मी तुम्हाला देते. बाकी तुम्ही तुमच्या मनानं लिहा.

आता भावाचा प्रश्न. तो टाकून बोललाय, पण तो प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो. ज्याच्या नावानं संस्था नाही, पुतळा नाही, त्याचं काय लिहायचं?

कोल्हापूर ज्यांना सगळ्यात जास्त आठवतं त्या राजाचं उदाहरण घ्या. ६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता हे शहर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं. १९०२ चा नोकऱ्यांतल्या राखीव जागांचा जाहीरनामा, राधानगरीचं धरण, खासबागेचं मैदान, वसतिगृहं, ही त्यांची कामं शाळेच्या पुस्तकात आहेत. पण कट्ट्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा की महाराज कसे होते. तो बहुतेक वेळा गंगाराम कांबळ्यांची गोष्ट सांगेल. अस्पृश्य मानल्या गेलेल्या, पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या त्या माणसाला महाराजांनी हॉटेल काढायला लावलं, आणि भाऊसिंगजी रोडवर त्याच्या दारात गाडी थांबवून त्याच्या हातचा चहा ते घ्यायचे, सोबतच्या मोठमोठ्या मंडळींनाही प्यायला लावायचे. एवढ्या मोठ्या राजाचंही लोकांनी मनात काय जपलं, तर कपभर चहा. तो कुणाच्या हातचा, कुणाच्या देखत घेतला, त्यात सगळं आलं. मग टर्नर असलेल्या माणसाच्या वाटीवर पान लिहायला तुम्हाला संकोच का वाटावा? भावाला हे सांगा. वाद घालायला म्हणून नको, त्याच्याकडून एक काम करून घ्यायचंय म्हणून. त्याच्याकडं मी पुन्हा येते.

पत्रात मला एक मोठी पोकळी दिसली. चाळीस वर्षं अण्णा लेथवर होते, असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढं गेलात. लेकींना वडील कळतात ते संध्याकाळी सहानंतरचे. त्यांचे दिवसाचे आठ-दहा तास, आठवड्यातले सहा दिवस, अशी चाळीस वर्षं कुठं गेली? त्या वेळेत ते कुणाचे उस्ताद होते, कुणाला घाबरत होते, कशावर हसत होते? हा माणूस तुम्हाला अजून भेटायचाय. तो उद्यमनगरात काही लोकांच्या डोक्यात शिल्लक आहे.

तुम्ही लिहिलंय की ज्यांच्या हाताखाली अण्णा काम शिकले ते मिस्त्री अजून आहेत, ऐंशीच्या पुढं गेलेत, कमी ऐकू येतं. पहिली चक्कर त्यांच्याकडं. दिवाळी झाल्यावर नको, या आठवड्यात. बाकी कुणीही थांबेल, ते थांबतीलच असं नाही.

जाताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘अण्णा माणूस म्हणून कसे होते?’ असं विचारलंत की ते म्हणतील, ‘देवमाणूस होता’, डोळे पुसतील आणि विषय संपेल. आपल्याकडं हा शब्द प्रेमानंच येतो, पण तो आला की पुढचं सगळं बंद होतं. तुम्ही माणसाबद्दल विचारू नका, कामाबद्दल विचारा. पहिल्या दिवशी अण्णांना काय करायला लावलं, झाडू मारायला की लोखंडाचा बुरा उचलायला? मशिनला हात कधी लावू दिला? पहिला जॉब, म्हणजे कातायला दिलेला तुकडा, बिघडवला तेव्हा कुणाचं बोलणं खाल्लं? तेव्हा आठवड्याला काय मिळायचं? कोणत्या मापाचं काम आलं की ‘हे त्याच्याकडं द्या’ असं म्हणायचे? डबा कुणाबरोबर खायचे, चहा कुठं घ्यायचे? म्हातारी कारागीर माणसं स्वतःच्या मनाबद्दल बोलायला लाजतात. मशिनबद्दल मात्र तासभर बोलतील, आणि बोलता बोलता अण्णा त्यात येत राहतील.

उद्यमनगराबद्दलही पुस्तिकेत अर्धं पान असू द्या. ते का वाढलं हे तुमच्या पोरांना माहीत नसतं. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस वाढला, उसाला पाणी द्यायला इंजिनं आणि पंप आले, गुऱ्हाळांना चरक लागले. ही यंत्रं बिघडली की दुरुस्त कोण करणार, पार्ट कुठून आणणार? त्यातून इथं लेथ आले, भट्ट्या आल्या, आणि खेड्यातली शेतकऱ्यांची पोरं टर्नर, फिटर, मोल्डर झाली. कोल्हापूरच्या फौंड्रीतला माल आज मोठमोठ्या गाड्यांच्या इंजिनांत बसतो, त्याच्या मुळाशी अण्णांसारख्या माणसांचे हात आहेत. अण्णा विशीच्या आत गाव सोडून आले, ती त्यांची एकट्याची कथा नव्हती, हे यातून आपसूक कळेल.

आणि हातांबद्दल आवर्जून लिहा. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जॉब लेथवर चढवला की त्याची काळी भुकटी उडते, हातांच्या रेषांत बसते, रॉकेलनं धुतली तरी नखांच्या कडेला राहते. अण्णा जेवायला बसताना हात किती वेळ धुवायचे? तुमच्या लग्नात अक्षता टाकताना त्यांची नखं कशी होती? दुसरं, लेथवरचा माणूस अंगठी घालत नाही, बाह्या सुट्या ठेवत नाही. फिरत्या चकात अडकलं तर हातच जातो. अण्णांना लग्नात सासरची अंगठी मिळाली असेल, तर ती त्यांनी कधी घातली? फक्त सुट्टीच्या दिवशी? की डब्यात ठेवली ती ठेवलीच? आईकडं याचं उत्तर असेल आणि ते तिला आजवर कुणीच विचारलं नसेल.

तारखांचं आता. घरात अण्णांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा. त्यावर जन्मतारीख १ जून असण्याची शक्यता खूप आहे. त्या काळात खेड्यातल्या शाळेत पोराला आणून बसवलं की मास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि १ जून टाकून द्यायचे. महाराष्ट्रात एका पिढीचे वाढदिवस असे एकाच दिवशी येतात. तेव्हा दाखल्यावरची तारीख खरीच मानू नका आणि जुन्या माणसांना सालही विचारू नका. ‘१९६७ साली अण्णा काय करत होते?’ याला कुणाकडं उत्तर नसतं. ‘कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तुम्ही सगळे कुठं होता?’ याला असतं. तो ११ डिसेंबर १९६७ ला झाला, इकडच्या गावांतही घरं हादरली, माणसं थंडीत बाहेर येऊन बसली. तेव्हा अण्णा सोळा-सतरा वर्षांचे असणार. तसंच ७२ चा दुष्काळ. ते गाव सोडून आले ते त्याच्या आधी की नंतर? इंदिरा गांधी गेल्या त्या दिवशी अण्णा कारखान्यातून घरी कसे आले? आणि २०१९ चा पूर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, तेव्हा पाणी ५५ फुटांवर गेलं होतं. उपसा केंद्रं बुडाली आणि पुरानं वेढलेल्या शहरात प्यायच्या पाण्याचे हाल झाले. मंगळवार पेठेत तुमच्या दारात टँकर आला तेव्हा अण्णा रांगेत होते की घागरी पोचवत होते की कुणाची तरी मोटार दुरुस्त करत होते? हा प्रश्न फक्त घरात नको, शेजाऱ्यांना विचारा. घरच्यांना माणसाचे उपद्व्याप उशिरा कळतात.

आईबरोबर बसायचं ते फोटो घेऊन बसा. नुसतं ‘सांग की अण्णांबद्दल’ म्हटलंत तर ती रडेल नाहीतर ‘काय सांगू’ म्हणेल. फोटो हातात दिला की ती आधी साड्यांबद्दल बोलेल, मग माणसांबद्दल. दुपारचं जेवण झाल्यावर बसा, संध्याकाळी नको, दिवेलागणीला अशा घरात आधीच जीव जड होतो. जुन्या ग्रुप फोटोतल्या माणसांची नावं आज फक्त तिलाच येतात. एक पातळ कागद फोटोवर ठेवून डोक्यांच्या आकृत्या काढा, त्यांना आकडे द्या आणि खाली नावं लिहा. फोटोच्या मागं पेननं लिहू नका, शाई पुढं उमटते. फोनवर रेकॉर्डिंग करत असाल तर तिला सांगून करा. आणि ती एखादं साल, एखादं नाव चुकीचं सांगत असेल तर मध्येच दुरुस्त करू नका. चुकीच्या नावानं सांगितलेली गोष्टसुद्धा पुरी होऊ द्या, नाव नंतर बघता येतं.

तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि त्यावर माझं मत थोडं आईच्या विरोधात जातं.

थोरले काका हा आज जिवंत असलेला एकच माणूस आहे ज्यानं अण्णांना चड्डीत पाहिलंय. शाळा बुडवून ते कुठं जायचे, पोहायला कुणी शिकवलं, कुणाच्या उसात घुसले, आजोबांनी कशावरून मारलं, गाव सोडायच्या दिवशी घरात काय झालं, हे सगळं त्यांच्याकडं आहे. विशीआधीचे अण्णा तुम्हाला दुसरीकडं कुठंही मिळणार नाहीत. आणि अकरा वर्षं न बोललेला माणूस रक्षाविसर्जनाला येऊन कोपऱ्यात उभा राहतो, तेव्हा तो तोंड दाखवायला आलेला नसतो. तोंड दाखवणारे पुढं उभे राहतात. मला वाटतं काका कुणीतरी बोलावण्याची वाट बघत असतील. नसतीलही. पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही.

त्यांच्याकडं जा. आईला सांगून जा, लपून नको. जाताना विहिरीचा, वाटणीचा, सातबाऱ्याचा विषय घेऊन जाऊ नका आणि समेट घडवायचा विडाही उचलू नका. ‘काका, अण्णांवर पुस्तक काढतेय, लहानपणीचं तुमच्याशिवाय कोण सांगणार?’ एवढंच म्हणा. कदाचित ते आधी भांडणच काढतील, पाण्याची पाळी कुणाची होती, कुणी मोटर बंद केली, कोण काय बोललं. ऐकून घ्या. वडिलांची बाजू मांडायला तुम्ही तिथं गेलेल्या नाही. त्यांचं ते बोलून झालं की पुढचं येईल.

छापायचं की नाही, हा वेगळा मुद्दा. भांडणाचा उल्लेख पुस्तिकेत असावा असं मला वाटतं. दोन वाक्यांत. ‘विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी वाद झाला. शेवटची अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.’ बरोबर कोण, चूक कोण, यातलं काही नको. तुमच्या गल्लीला, भावकीला, सगळ्यांना हे माहीत आहे. ते वगळलंत तर वाचणारा तेच शोधत बसेल, आणि बाकीचं खरं लिहिलेलंही त्याला सजवलेलं वाटेल. शिवाय तुमची नातवंडं उद्या हे वाचतील. ज्यानं कधी कुणावर आवाज चढवला नाही, कधी हट्ट केला नाही, अशा माणसावर त्यांचा विश्वास बसणार नाही. अण्णांचा हट्ट त्यांच्या रक्तात उतरलेला असेल, तर तो कुठून आला हे त्यांना कळू द्या.

पण शेवटचा शब्द आईचा. त्या घरात, त्या भावकीत दिवस तिला काढायचेत, तुम्हाला नाही. दोन वाक्यं लिहून तिला वाचून दाखवा. अनेकदा माणसं काय छापलं जाईल या धास्तीनं नाही म्हणतात, प्रत्यक्ष वाक्य ऐकलं की ‘एवढंच होय, मग असू दे’ म्हणतात. तरी ती नको म्हणाली तर छापू नका. तुमच्या वहीत मात्र सविस्तर लिहून, तारीख घालून ठेवा. आणि त्या विहिरीवरून कोर्टात काही चालू असेल तर आई हो म्हणाली तरी छापायचं नाही, आधी वकिलाला विचारा.

आवाजाबद्दल लाज वाटायचं काही कारण नाही. चेहऱ्याचे फोटो भिंतीवर असतात, रोज दिसतात. आवाजाला तसं काही नसतं, म्हणून तो आधी विरतो. तुमचं प्रेम कमी पडलं असा त्याचा अर्थ नाही. करण्यासारखं मात्र पुष्कळ आहे आणि ते लगेच करा. अण्णांचा फोन कुणाकडं आहे? तो फॉरमॅट करून नातवाला खेळायला देऊ नका. व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठवलेले आवाजी निरोप नातेवाइकांच्या फोनमध्ये असतील. पुतण्या, भाचे, जुने शेजारी, सगळ्यांना विचारा. ‘पोचलीस का गं?’ एवढा एक निरोप सापडला तरी खूप आहे. लग्नांच्या व्हिडिओ कॅसेटी नि सीड्या माळ्यावर असतील, त्यात अण्णा कुठंतरी मागं कुणालातरी ‘पंगत बसवा’ म्हणून ओरडत असतील. कॅसेट खराब व्हायच्या आत दुकानात देऊन पेनड्राइव्हवर घ्या. जे मिळेल ते दोन ठिकाणी ठेवा, एक तुमच्याकडं, एक भावाकडं.

जे कुठंच सापडणार नाही ते कागदावर उतरवा, आणि अण्णा बोलायचे तसंच उतरवा. ‘बाळ, जेवण झाले का?’ असं अण्णा म्हणत नसणार. ‘जेवलीस काय गं?’ म्हणत असणार. ‘व्हतंय की’, ‘आसू दे’, ‘काय हुतंय तवा’, हे त्यांचे शब्द शुद्ध करायला जाऊ नका. प्रूफ तपासणारा दुरुस्त करील, त्याला आधीच बजावून ठेवा. तुम्ही, भाऊ, आई, जावई, सुना, प्रत्येकानं अण्णांच्या तोंडची पाच-सहा वाक्यं आपापल्या कागदावर लिहायची, एकमेकांचं न बघता. मग सगळे कागद एकत्र वाचा. दोन-तीन वाक्यं सगळ्यांच्या कागदावर असतील. ती मोठ्यानं म्हणून बघा, आवाज बराचसा परत येतो.

आता भाऊ. डिजिटलवरून त्याच्याशी भांडू नका. चौकात अण्णांचा मोठा फोटो लागावा, चार माणसांनी थांबून बघावा, यात त्याचंही प्रेमच आहे, त्याला दुसरी रीत माहीत नाही एवढंच. लावू दे, पण एकच लावू दे. उरलेल्या पैशांसाठी एक सुचवते. तुम्ही लिहिलंय की अंत्यविधी पंचगंगेवर झाला. तिथं महापालिका कुणाकडूनही पैसे घेत नाही, लाकूड नि शेणी (गोवऱ्या) मोफत देते, आणि त्या शेणींचा मोठा भाग लोकांच्या दानातून येतो. होळी लहान करून शेणी स्मशानभूमीला देणारी मंडळं या शहरात आहेत. अण्णांच्या नावानं त्यानं गाडीभर शेणी नेऊन द्याव्यात. हे काम त्याला आवडेल, कारण ते स्वतः उभं राहून करायचं काम आहे.

आणि पुस्तिकेसाठी त्याच्याकडून दोन पानं घ्या. मुलाला बाप वेगळा दिसतो. खासबागेत कुस्त्या बघायला, शाहू स्टेडियमवर फुटबॉलला अण्णा त्याला घेऊन गेले असतील, तुम्हाला नेलं नसेल. त्याला लिहायला सांगाल तर तो टाळेल. गाडीवर मागं बसून उद्यमनगरात जा, वाटेत विचारा, घरी येऊन तुम्ही लिहा, खाली त्याचं नाव घाला.

छपाईचं थोडक्यात सांगते. सोळा पानांचा एक फॉर्म होतो, म्हणून पानं १६ किंवा ३२ धरा. ३२ पुरतील. अक्षर मोठं ठेवा, वाचणारे बरेच जण साठीच्या पुढचे असणार. आमदार-खासदारांचे शोकसंदेश, त्यांचे फोटो, कुणाच्या तरी चार ओळींची कविता, यांना एकही पान देऊ नका. ती पानं आई, मिस्त्री, काका आणि शेजाऱ्यांची आहेत. जन्मापासून सुरू करून मरणापर्यंत ओळीनं जायची सक्ती नाही, जे पान सगळ्यात चांगलं जमलंय ते पहिलं घ्या. कव्हरवर पासपोर्ट फोटो मोठा करून टाकू नका. मशिनजवळचा, नाहीतर बाह्या दुमडलेला, हात दिसतील असा फोटो शोधा.

शेवटची चार पानं कोरी सोडा. वर्षश्राद्धाला माणसं येतील, पुस्तिका चाळतील आणि ‘हे ऱ्हायलं की’ म्हणून काहीतरी सांगतील. चांगल्या गोष्टी हमखास अशा वेळी निघतात. एका नातवाला नि एका नातीला पेन देऊन बसवा. ज्यांना लिहायला येत नाही किंवा चष्मा आणलेला नाही, त्यांचं या दोघांनी लिहून घ्यायचं, सांगणाऱ्याचं नाव आणि गाव खाली घालायचं. मग ती पानं तुमच्या प्रतीला जोडून ठेवा.

पौषाला अजून तीन महिने आहेत. पहिला महिना फक्त माणसांना भेटण्यात घालवा, एक ओळही लिहायला बसू नका, ऐकलेलं तेवढं टिपून ठेवा. दुसऱ्या महिन्यात लिहा. तिसऱ्यातले पंधरा दिवस प्रेससाठी राखून ठेवा आणि प्रेसवाल्याला आजच सांगून ठेवा, लग्नसराईत पत्रिकांची गर्दी असते, तो ऐनवेळी हात वर करतो. प्रूफ एकदा तुम्ही वाचा आणि एकदा अण्णांना कधीही न भेटलेल्या कुणालातरी वाचायला द्या. त्या माणसाला जिथं काही कळलं नाही, तिथं दोन ओळी वाढवा.